पोतेऱ्याचा पत्ता

१

त्या दिवशी सकाळपासून धुकं बसलं होतं, ते दुपार झाली तरी उठायचं नाव घेईना. समोरची इमारत दिसत नव्हती. तिच्या खिडक्यांतले दिवे तेवढे दिसत होते, तेही ओल्या कपड्याआडून दिसावेत तसे. गॅलरीतली दोरी ओली, दोरीवरचे कपडे ओले, खिडकीची काच आतूनसुद्धा ओली. असल्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाही. मास्तरांनी शिलाईमशीनवर फडकं टाकलं, कात्री खिळ्याला अडकवली आणि आतल्या खोलीत जाऊन बायकोसमोर बसले.

शाळेचं तोंडही न पाहिलेला माणूस, पण शिंप्याला सगळे मास्तरच म्हणतात, आणि मग त्याची बायको आपोआप मास्तरीण होते. मास्तरीणबाईंचा पाय जिन्यात घसरून मोडला होता. हाडं जुळली, पण जखम भरत नव्हती. समोरच्या दारात राहणारी नर्स रोज दुपारी कामावर जायच्या आधी येई, पट्टी बदले, "चालायचं नाही हं," असं दटावे आणि जाई. बसून बसून बाई विटल्या होत्या. म्हणून नातीचे पत्ते बाहेर निघाले.

हे काही इस्पिक-बदामचे पत्ते नव्हते. मुलं जमवतात, आपापसांत बदलतात, त्यांतले. प्रत्येकावर वेगळं चित्र, खाली बारीक अक्षरांत त्याची करामत. राक्षस, जादूगार, चमत्कारिक जनावरं. आपण आपली सेना टेबलावर मांडायची, समोरच्यानं त्याची, आणि लढवायची. ज्याची सेना मोठी त्याचं पारडं जड. नात शिकायला दूर गेली, पण जाण्याआधी आजी-आजोबांना बसवून तिनं एकेक पत्ता तोंडी शिकवला होता. अक्षर येत नसल्यानं दोघांनी चित्रांवरून आपलीच नावं ठेवली. मिशाळ राक्षस म्हणजे फौजदार. भिजलेला वाघ म्हणजे ओली मांजर. एक होता मेंढपाळ. तो टेबलावर आला की दर फेरीला त्याला एक नवं मेंढरू मिळे. मेंढरांचे पत्ते नव्हते. "त्यांच्या जागी काहीही ठेवा, आजोबा," असं नात म्हणाली होती.

शिंप्याच्या घरात काहीही म्हणजे बटणं.

मास्तरांची एक रीत होती. कुणाचा कपडा शिवला की त्याच्यातलं एक बटण ते आपल्या डब्यात टाकून ठेवत. उद्या तुटलं तर त्या माणसानं जोडीचं बटण कुठे शोधत फिरायचं? लिहून ठेवायचा प्रश्न नव्हता. बटण चिमटीत धरलं की त्यांच्या बोटांना माणूस आठवे.

२

मास्तरीणबाई त्या दिवशी भलत्याच रंगात होत्या. फौजदार त्यांचा, ओली मांजर त्यांची, आणि मेंढपाळाच्या पायाशी तीन बटणांचा कळप. मास्तरांपुढे एक लंगडा म्हातारा जादूगार तेवढा उरला होता.

"तुमचा तो पण तुमच्यासारखाच," बाई म्हणाल्या. "दाढी तेवढी मोठी, कामाच्या नावानं शून्य."

"खेळ गं तू. तोंड कमी चालव."

"तोंडच चालतंय, पाय कुठे चालतोय?"

मास्तर हसले आणि त्यांनी गड्डीतून पत्ता उचलला. पत्त्यावर चित्र असं नव्हतंच. एक मोकळं मैदान आणि वर पांढरं आभाळ. हा पडला की टेबलावरचं सगळं साफ. समोरच्याचं जातं, आपलंही जातं. मास्तरीणबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं पोतेरं. मास्तरांनी तो आजवर कधीच टाकला नव्हता. मांडलेल्या डावावर पोतेरं फिरवायचं, हे त्यांना रडीचं वाटे.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "आलं ना पोतेरं? टाका की मग. हातात धरून काय अंडी उबवायला बसवलंय?"

"नको. तुझा एवढा छान जमलाय डाव."

"बघा, दया करतायत माझ्यावर! टाकायला छाती लागते, मास्तर."

आता एवढं म्हटल्यावर कोण गप्प बसेल? आणि खरं सांगायचं तर एकदा तरी जिंकावं असं मास्तरांच्याही मनात होतं. त्यांनी पत्ता टेबलाच्या मधोमध ठेवला. बाईंनी कपाळाला हात लावला, हसल्या, आणि दोघांनी मिळून सगळं उचललं. पत्ते टाकलेल्यांच्या ढिगात, बटणं डब्यात.

वरच्या मजल्यावर बँडवाला राहत असे. लग्नाकार्यात क्लॅरिनेट वाजवायचा आणि दुपारी घरी सराव करायचा. बाई त्याला पिपाणी म्हणायच्या. त्या दुपारीही पिपाणी चालू होती. एक सूर वर वर चढत होता. बटण डब्यात पडल्याचा आवाज झाला आणि तो सूर चढता चढता मध्येच तुटला. नुसता थांबला असता तर काही नव्हतं. थांबणारा माणूस श्वास सोडतो, खुर्ची सरकवतो, खोकतो. इथे काहीच नाही.

"पोट दुखलं असेल," मास्तर म्हणाले.

बाई छताकडे बघत राहिल्या.

३

दुसऱ्या दिवशीही पिपाणी वाजली नाही. मास्तर वर गेले. बँडवाल्याच्या कोटाचं अस्तर बदलायचं राहिलं होतं, तेवढं निमित्त पुरेसं होतं.

दाराला कुलूप होतं. मास्तरांनी ते हातात घेतलं आणि गंजाची भुकटी त्यांच्या तळव्याला लागली. चावीच्या भोकावर कोळ्यानं घर केलं होतं. उंबऱ्यापाशी धूळ साचलेली, तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मजला तोच, दार तेच. म्हातारपणी मजला चुकतो माणूस, असं स्वतःला समजावत ते खाली आले, पायऱ्या नीट बघत पुन्हा वर गेले, आणि पुन्हा त्याच कुलुपापुढे उभे राहिले.

खाली नर्स दार ओढून घेत होती.

"बाई, वरचा बँडवाला कुठे गेला हो?"

"कोण बँडवाला?"

"अहो, क्लॅरिनेटवाला. तुमची झोप मोडतो म्हणून तुम्हीच भांडला होतात की त्याच्याशी."

नर्स हसली. मायेनंच हसली. "मास्तर, मी राहायला आल्यापासून ती खोली बंदच आहे. तुम्ही औषध घेता ना वेळेवर?"

मास्तर घरात आले. बायकोला सांगावं की नाही, ते ठरेना. पण तिनंच विचारलं, "काय म्हणतोय पिपाणीवाला?"

त्यांना एकदम हायसं वाटलं. निदान हिला तरी तो आठवतोय. आणि मग लगेच वाटलं, म्हणजे मी चुकत नाहीये.

४

बटणांचा डबा त्यांनी खिडकीशी नेला. बँडवाल्याचं पितळी बटण वरच होतं. पितळी बटणाला मागे कडी असते, तिच्यातून दोरा ओवायचा. मास्तरांनी बटण उलटं केलं. मागची बाजू साफ गुळगुळीत. कडी तुटली असती तर खूण राहिली असती, ओरखडा राहिला असता. तिथे कधी काही नव्हतंच.

त्याच्या खाली एक काळं बटण होतं, कोपऱ्यावरच्या चावीवाल्याचं. चार भोकांचं. मास्तरांनी अंगठा फिरवला. भोकं नव्हती. बुजली म्हणावं तर बुजवल्याचा उंचवटा नाही. नुसती एक काळी, गुळगुळीत चकती.

उभा जन्म बटणं लावण्यात गेला त्यांचा. फुटलेली पाहिली, वितळलेली पाहिली, उंदरांनी कुरतडलेली पाहिली. पण कुणालाच लावता येणार नाही असं बटण त्यांनी पाहिलं नव्हतं.

ते तसेच चपला घालून कोपऱ्यावर गेले. चावीवाल्याचं खोपटं दोन दुकानांच्या मध्ये असे. दुकानं होती आणि मध्ये भिंत होती. भिंतीला जुना रंग, रंगाला पोपडे. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "काय शोधताय, मास्तर?" मास्तर म्हणाले, "काही नाही, विसरलो," आणि परत फिरले.

तिसरंही एक बटण होतं. निळं, लहानसं, तेही तसंच आंधळं. ते त्यांनी बायकोच्या हातावर ठेवलं.

"हे कुणाचं गं?"

बाईंनी ते उलटसुलट केलं. "एवढुसं आहे. लहान मुलाच्या कपड्याचं असणार."

"कुणाच्या मुलाच्या?"

दोघं बराच वेळ आठवत बसले. जिन्यातली बिऱ्हाडं आठवली, गल्लीतली आठवली. कुठल्याच घरात त्यांना मूल सापडेना. मास्तरांच्या बोटांनी कधी दगा दिला नव्हता. आज बोटं गप्प होती.

"आपल्याला पण आठवायचं बंद होणार," बाई हळूच म्हणाल्या. "पिपाणीवाला दिसायचा कसा, ते मला आत्ताच नीट सांगता येत नाहीये. नाक मोठं होतं ना त्याचं?"

"टाकलं मी ते," मास्तर म्हणाले. "मी जिंकायला टाकलं."

"टाका असं कोण म्हणालं? मीच ना? मग अर्धं माझ्या डोक्यावर."

पण वाटून घेतलं म्हणून काही ओझी हलकी होत नाहीत.

५

तिसऱ्या दिवशी जाळेवाल्याची आठवण मास्तरीणबाईंनाच झाली.

पत्त्यांत एक कोळी होता, खांद्यावर जाळं घेतलेला. तो हातात आला की टाकलेल्यांच्या ढिगातून एकाला परत उचलता येई. फुकट मात्र नाही. उचललेल्याच्या शेजारी आपलं एक काहीतरी ओलीस ठेवावं लागे.

"पण नात म्हणाली होती," मास्तर म्हणाले, "बटणं ढिगात जात नाहीत. पत्ता मेला तर ढिगात जातो, बटण मेलं की गेलंच. ते परत येत नाही."

"का येत नाही?"

"नियम आहे तसा."

"नियम करणारा बसला असेल कुठेतरी पंख्याखाली. त्याच्या घरावरची पिपाणी बंद झाली नाही. आपण ठेवू ढिगात. कोण बघतंय?"

मास्तरांनी पोतेरं गड्डीतून काढून खणात टाकलं होतं. ते बाईंनी परत मागितलं. एक जरी पत्ता कमी असला तर तो खेळच नव्हे, हेही नातीनंच सांगितलेलं. मास्तरांना ते पटत नव्हतं. एक नियम मोडायचा आणि दुसरा पाळायचा, हा कुठला न्याय? पण त्या निळ्या बटणाकडे पाहिलं की त्यांच्यात वाद घालायचं बळ उरत नव्हतं.

त्यांनी पितळी बटण ढिगात ठेवलं आणि पत्ते वाटले. या खेपेला कुणी कुणाला टोमणे मारले नाहीत. पत्ता टेबलावर टेकल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. मास्तरांच्या हातात पोतेरं आलं. त्यांनी ते सगळ्यांत मागे सरकवलं आणि त्याच्यावर अंगठा दाबून धरला.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "आला."

त्यांनी कोळ्याचा पत्ता टेबलावर ठेवला, ढिगातून पितळी बटण उचललं आणि त्याच्याजवळ मांडलं. मग टेबलावरची छोटी कात्री घेतली आणि आपल्या स्वेटरचं गळ्याजवळचं बटण कापलं.

"अगं, काय करतेस! दुसरं काही ठेव."

"आपलं ठेवायचं म्हटल्यावर आपलंच ठेवायला नको? त्याच्या बदल्यात काय, आगपेटीतली काडी ठेवू?" त्यांनी ते बटण पितळी बटणाला टेकवून ठेवलं. लाकडी होतं. मास्तरांनी स्वतःच्या हातानं निवडलेलं. "घाबरता कशाला? तुम्ही पोतेरं टाकलं नाही तर मला काय होतंय?"

"मी कशाला टाकतोय?"

"मग झालं तर."

वर क्लॅरिनेट वाजलं.

६

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाजतंय हो," त्या म्हणाल्या.

वाजत होतं. पण एकच सूर होता. वर चढत नव्हता, खाली उतरत नव्हता. क्लॅरिनेटच्या भोकांवरून बोटं फिरतात म्हणून सूर बदलतो, एवढं मास्तरांना रोज ऐकून ठाऊक झालं होतं. हा सूर बदलत नव्हता. आणि तो संपतही नव्हता. माणूस कुठेतरी श्वास घेतो. मास्तर त्या श्वासाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

"मध्ये खंड पडला ना," बाई म्हणाल्या. पण आता त्यांचाही आवाज दबला होता.

सूर हलला. छतावरून सरकत तो जिन्याकडे गेला. पावलं ऐकू येत नव्हती, सूर तेवढा पायरी पायरी खाली येत होता. मास्तरांना ते वरचं गंजकं कुलूप आठवलं. ते उघडल्याचा आवाज झाला नव्हता.

सूर त्यांच्या दारापाशी आला आणि थांबला. मग दारावर थाप पडली. हळू, भल्या माणसासारखी.

दाराच्या वरच्या भागात खडबडीत काच होती. तिच्यापलीकडे कुणीतरी उभं होतं. कोटाचा लाल रंग दिसत होता, बँडवाल्याचाच. वर चेहऱ्याच्या जागी फिकट गोल. खडबडीत काचेतून कुणाचाच चेहरा नीट दिसत नाही, मास्तर मनाला सांगत होते. पण डोळ्यांच्या जागी निदान सावली पडते. तोंड काळसर दिसतं. रोज याच काचेतून नर्स ओळखू येते, दूधवाला ओळखू येतो. तो फिकट गोल पुढे झुकला आणि काचेला टेकला. टेकला तिथे काचेवर वाफ धरली नाही.

"दार उघडा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर जागचे हलले नाहीत.

"उघडा म्हणते ना. आपणच बोलावलंय त्याला. जसा आला असेल तसा आला. माणसाला दाराशी ताटकळत ठेवतात का?"

"तो नाहीये तो, गं."

"मग कोण आहे? आपल्यामुळेच झालं ना त्याचं असं? मला उठता येत असतं तर मीच उघडलं असतं." त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि खरोखरच उठायला लागल्या. दुखऱ्या पायावर भार पडून त्यांचा चेहरा पिळवटला. "आले हं, बाबा," त्या दाराकडे बघून म्हणाल्या.

कडी हलली.

तेव्हा मास्तरांना ते लाकडी बटण दिसलं नाही, असं नव्हे. दिसलं. पितळी बटणाला टेकून होतं, तुटलेला दोरासुद्धा त्याच्यात तसाच होता. हे आपण पाहिलं नाही, असं पुढे कितीही घोकलं तरी ते खरं होणार नव्हतं. त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या हातानं सगळ्यांत मागचा पत्ता काढून टेबलावर ठेवला.

७

थाप थांबली. काचेपलीकडे नुसता जिन्यातला उजेड राहिला.

मास्तर टेबलाकडेच बघत होते. मान वर करायची नव्हती. वर केली नाही तोवर काहीही झालेलं नाही, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी हाक मारली, "अगं." थोडं थांबून पुन्हा मारली. पूर्वी नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नसत. त्यांनी नाव आठवून पाहिलं. आठवलं. ते पटकन दोनदा पुटपुटले, आणि तिसऱ्यांदा म्हणताना शेवटच्या अक्षराशी जरा अडखळले.

मग त्यांनी वर पाहिलं. खुर्ची भिंतीला लावलेली होती. तिच्यावर शिवायला आलेल्या कपड्यांची चळत, जुनी, वर धूळ बसलेली. उशी नव्हती. पाय टेकायचं स्टूल नव्हतं. समोरच्या बाजूला तिचे पत्ते मात्र होते, पालथे, नीट एकाखाली एक.

लाकडी बटण त्यांनी चिमटीत धरलं. उलटून पाहिलं नाही. नुसता अंगठा फिरवला, आणि मूठ मिटली.

आपण दार उघडलं असतं तर काय झालं असतं? दाराशी उभा होता त्यानं काय केलं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित तो आत येऊन खुर्चीवर बसला असता, आणि तिनं त्याला पाणी दिलं असतं, आणि पाणी प्यायचं कशानं म्हणून तिघंही गप्प बसले असते. ते निभलं असतं. तिनं निभावलं असतं.

दारावर टकटक झाली. मास्तर दबकत दाराशी गेले. पण काचेत नाक होतं, डोळ्यांची सावली होती, केसांचा भांग होता. त्यांनी दार उघडलं.

समोरची नर्स होती. कामावर जायचे पांढरे कपडे, एका हातात कापसाचा डबा, दुसऱ्यात पट्टीची गुंडाळी. रोजच्या सवयीनं ती सरळ आतल्या खोलीत शिरली, भिंतीजवळच्या त्या खुर्चीपाशी गेली आणि कपड्यांच्या चळतीपुढे उभी राहिली. तिनं खोलीत सगळीकडे पाहिलं. मग हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मास्तर दाराला धरून उभे होते. तिला एकदा तरी आठवू दे, एवढंच ते मनाशी म्हणत होते.

नर्स वळली. ओशाळून हसली आणि म्हणाली, "मास्तर, मी इथे कशाला आले होते हो?"